फॉर्च्युनर घ्यायची का हायलक्स: सेकंडहँड बघायला जाताना

आधी एक डोक्यात घ्या, टोयोटाची डिझेल फॉर्च्युनर (एसयूव्ही) आणि हायलक्स (मागे उघडा हौदा असलेला पिकअप) या सख्ख्या बहिणी आहेत, खाली तीच लॅडर चासी, म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट, आणि तेच 2.8 लिटरचं इंजिन, त्यामुळे इंजिन कोणाचं जास्त टिकेल यावर रात्रभर भांडू नका. फरक मागच्या अर्ध्या गाडीत आहे आणि आधीच्या मालकाने काय वाहिलं त्यात आहे. म्हणून घरून निघताना हातातली बॅटरी (टॉर्च), लोहचुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि जुनी चटई घ्या, इस्त्रीचे कपडे नकोत, गाडीखाली झोपायचंय.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका, इंजिनाची खोड थंड असताना सुरू करतानाच कळते, आणि पोचल्यावर पहिलं बॉनेटवर हात ठेवून बघा.

फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याची), हायलक्सला पाटे, म्हणजे ट्रकसारख्या एकावर एक पोलादी पट्ट्या. रिकामी हायलक्स खड्ड्यात मागून उडते, लोकांना वाटतं सस्पेन्शन गेलं, पण पाट्यांची गाडी तशीच चालते. बघायचं ते वेगळंच, पाट्याचं एखादं पान सरकलंय का, बारीक चीर आहे का, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश फाटलेत का, आणि सगळं जुनाट असताना पाटे आवळणारे यू-बोल्ट तेवढेच नवे कोरे आहेत का. रिकामी असून मागून बसलेली दिसली तर ओव्हरलोड झालेलीच समजा. हौद्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा लायनर उचलायला लावाच, मी एकदा भिडेखातर उचलला नव्हता, घरी आणून उचलला तर खाली गंजाची रांगोळी. मालवण-रत्नागिरीकडची गाडी असेल तर मासळीच्या बर्फाचं खारं पाणी झिरपलेलं असू शकतं, चासीच्या भोकांत बॅटरी मारा, स्क्रूड्रायव्हर टोचा, पापुद्रा सुटला की चटई गुंडाळा. लोहचुंबक पत्र्यावर फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी.

फॉर्च्युनरचा धोका उलटा, ती लाडात वाढलेली असते. बीएस6 (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेलला, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांना, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, आणि रोज शाळा-ऑफिसच्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांत त्यातली काजळी जळतच नाही. ऑस्ट्रेलियात तर 2015 ते 2020 दरम्यान विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडोच्या डीपीएफवरून कोर्टकचेरी झाली. त्यामुळे मी तरी हायवेवरची लाखभर पळालेली घेईन, पुण्यातल्या ट्रॅफिकमधली चाळीस हजाराची नको.

फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) असेल तर लो मध्ये, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, टाकून मातीत दहा मीटर चालवा. आपल्याकडे हायलक्स फोर बाय फोरच येते, फॉर्च्युनर दोन्ही प्रकारांत, विचारून घ्या.

आरसीवर क्लास बघा, मालवाहू नोंद असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट, प्रायव्हेटला थेट पंधराव्या वर्षी.

शेवटी घरच्यांना मागे बसवून अर्धा तास फिरा, हायलक्सची मागची पाठ ताठ असते. आमची आई पाचव्या मिनिटाला म्हणाली, शेतापर्यंत येईन, सोलापूरला नाही.