डायब्लो थ्री: डिफिकल्टी घड्याळ लावून ठरवा

मी अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन लावून देतो. सेकंड शिफ्ट सुटून त्रिमूर्ती चौकाजवळ घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. मग जेवण आणि तासभर डायब्लो थ्री, म्हणजे राक्षस मारत लेव्हल चढायचा कॉम्प्युटर गेम. गेम २०१२ चा आहे, त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतो. दिवसाला एकच तास मिळतो, त्यामुळे तो कुठे वाया जातोय हे बघायची सवय लागली.

दिवाळीत भाचा आला. त्यानं नवा विझार्ड (जादूगार) काढला आणि डिफिकल्टी, म्हणजे गेम किती अवघड हवा ती पायरी, थेट मास्टर लावली. ‘मामा, तिप्पट एक्सपी आहे!’ बरोबर आहे, लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी, ते तिप्पट मिळतात. पण राक्षसाचा जीव पाचपट होतो ते कोण बघणार? एकेका पिवळ्या एलीटभोवती, म्हणजे दांडग्या राक्षसाभोवती, पठ्ठ्या दोन-दोन मिनिटं पळत होता.

आकडे असे आहेत. नॉर्मलच्या राक्षसाचा जीव १०० धरला तर हार्डला २००, एक्स्पर्टला ३२०, मास्टरला ५१२ आणि टॉर्मेंट १ ला ८१९. एक्सपी त्याच क्रमानं १००, १७५, २००, ३००, ४००. म्हणजे प्रत्येक पायरीला मेहनत जास्त वाढते, मजुरी कमी. त्यातही हार्डवरून एक्स्पर्टला जाणं सगळ्यात तोट्याचं. जीव ६० टक्क्यांनी चढतो आणि एक्सपी १७५ चा जेमतेम २०० होतो. मी एक्स्पर्ट गाळतोच.

मग वर जायचंच कशाला? कारण फटका फुकट जातो म्हणून. समोरच्याचा जीव १०० आणि तुमचा फटका ३००, तर वरचे २०० पाण्यात. शिवाय दोन घोळक्यांच्या मधे पळण्यात जो वेळ जातो तो कुठल्याही डिफिकल्टीला तेवढाच असतो. आमच्याकडे त्याला एअर कटिंग म्हणतात, टूल हवेत फिरतंय आणि जॉब तसाच. पळण्यातच निम्मा वेळ जात असेल तर जीव थोडा वाढलेला परवडतो.

माझा हिशोब सोपा आहे. साधा राक्षस एका फटक्यात मेला पाहिजे, फार तर दोन. एलीटचा घोळका १०-१५ सेकंदांत. एलीटसकट सगळं एका फटक्यात साफ होतंय तर वर जा, एलीटला अर्धं मिनिट लागतंय तर खाली या. खाली यायला गेम सोडावा लागत नाही, वर जायचं तर बाहेर पडून नव्यानं सुरू करावा लागतो. पाठोपाठ मारत गेलात तर वेगळा बोनसही मिळतो, आणि तो अडखळत खेळणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

अडकलात तर आधी शस्त्र बघा. जवळजवळ सगळ्या स्किल्सचा डॅमेज (फटक्याचा जोर) शस्त्राच्या डॅमेजवर टक्केवारीनं मोजला जातो, त्यामुळे चिलखत जुनं असलं तरी चालेल, तलवार जुनी नको. दर चार-पाच लेव्हलला दुकानदाराकडे डोकवा, लोहाराकडून बनवून घ्या. माणिक हेल्मेटमध्ये बसवलं तर एक्सपी वाढतो, शस्त्रात बसवलं तर डॅमेज. भाच्यानं सगळं सोनं चिलखतावर घातलं होतं आणि काठी आठव्या लेव्हलची! ती बदलली, हार्डवर आणलं, तासाभरात गडी हसायला लागला.

६० नंतर सावध राहा. तिथून ७० पर्यंत आकडे झपाट्यानं चढतात आणि ६० ला मिळालेलं भारी लेजंडरी (दुर्मिळ सामान) चार लेव्हलमध्ये भंगार होतं. तिथे मी बिनदिक्कत एक पायरी उतरतो.

७० ला पोचल्यावर एक्सपीचा हिशोब मागे पडतो, सेट जमवायचा असतो, म्हणजे एकत्र घातले की ताकद वाढवणारे सामानाचे तुकडे. सीझन (ठरावीक काळ चालणारा, नव्या कॅरेक्टरनं सुरू करायचा डाव) खेळत असाल तर हेड्रिगची भेट, म्हणजे त्यातली कामं पुरी केल्यावरचं बक्षीस, चुकवू नका, अख्खा सेट त्यातच मिळतो. सेट पूर्ण झाल्यावर टॉर्मेंटच्या पायऱ्या एकेक न चढता दोन-तीन पायऱ्या उडी मारून बघा.

ग्रेटर रिफ्टचं, म्हणजे घड्याळ लावून राक्षस मारायच्या फेरीचं, गणित मला सगळ्यात आवडतं. वेळ १५ मिनिटं, आणि दर लेव्हलला राक्षसांचा जीव १७ टक्क्यांनी वाढतो. व्याजावर व्याज लागतं, त्यामुळे सात लेव्हलमध्ये जीव बरोब्बर तिप्पट. म्हणजे एखादी रिफ्ट पाच मिनिटांत संपली तर कागदावर सात लेव्हल वरची १५ मिनिटांत बसते. मी पाचच चढतो, कारण त्यांचे फटकेही जड होतात आणि मरून पुन्हा उभं राहण्यात सेकंद जातात.

राहिला हार्डकोअर, म्हणजे मेलं की ते कॅरेक्टर कायमचं गेलं. भाचा हट्ट धरून बसलाय. गेम ऑनलाइनच चालतो, नेट तुटलं तरी आपला वीर काही सेकंद राक्षसांच्या मधे उभा असतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वळवाला लाईट जाते. त्याला म्हटलं, आधी इन्व्हर्टर घेऊ.