सोबत जाणाऱ्यांसाठी : कोल्हापुरात अत्याचारग्रस्त बाईला आणि तिच्या मुलांना मदत कोठे व कशी मिळवून द्यावी

मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली बाई मदत मागायला निघते, तेव्हा तिच्याबरोबर बहुधा कोणीतरी असते : आई, भाऊ, मामी, शेजारच्या काकू, कधी कामावरची मैत्रीण. पुढील माहिती मुख्यतः त्या सोबत्यासाठी लिहिली आहे. मदत देणारी कार्यालये कोल्हापुरात आहेत. परंतु पहिल्याच दिवशी चुकीच्या दारात ताटकळावे लागले, तर दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा घराबाहेर पडेलच याची खात्री नसते.

सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : आजची रात्र ती कोठे काढणार आहे? घरी परतणे धोक्याचे असेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. धोका तितका तातडीचा नसेल, पण आसरा हवा असेल, तर १८१ या महिला हेल्पलाईनवर जिल्ह्यातील ‘सखी’ वन स्टॉप सेंटरविषयी विचारावे आणि मगच घरातून निघावे. 2015 पासून चालू असलेल्या या योजनेत वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि साधारण पाच दिवसांपर्यंतचा निवारा एकाच ठिकाणी मिळावा, अशी रचना आहे. त्याहून अधिक काळ राहायचे असेल तर ‘शक्ती सदन’ची चौकशी तेथेच करावी, पूर्वीची स्वाधारगृहे आता याच नावाखाली आली आहेत. फोन शक्यतो सोबत्याच्या मोबाईलवरून करावा, कारण पुष्कळ घरांत बाईच्या फोनमधील कॉलची यादी रोज संध्याकाळी तपासली जाते.

अंगावर जखम असेल तर आधी दवाखाना गाठावा. शहरात यासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांचे सीपीआर, हे सरकारी रुग्णालय आहे. तेथे केसपेपर काढताना ‘जिन्यावरून पडले’ असे सांगण्याची सवय मोडावी लागते. कोणी, कशाने आणि केव्हा मारले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून तशी नोंद करून घ्यावी. पुढे न्यायालयात हाच कागद बोलतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीवर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नये आणि अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. परंतु आंघोळ झाली असली तरी जाणे टाळू नये.

पोलीस ठाण्यात सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते जबाबाकडे. माझ्या ओळखीतल्या एका ताईंबरोबर मी गेलो होतो, तेव्हा त्यांनी पट्ट्याने झालेल्या मारहाणीचे सविस्तर वर्णन केले, आणि कागदावर मात्र ‘घरगुती कारणावरून किरकोळ वाद’ एवढेच उतरले. त्यांनी चष्मा विसरला होता. मी वाचून दाखवले नसते तर सहीही झाली असती. जबाब दुरुस्त करून घ्यायला आणखी दीड तास गेला. म्हणून सोबत्याने जबाब शब्द न् शब्द वाचावा, चुकीचे असेल ते बदलून घ्यावे आणि त्यानंतरच सही होऊ द्यावी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. केवळ अदखलपात्र नोंद (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करत नाहीत अशी) करून पाठवणी केली आणि ती पटली नाही, तर सर्व हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर दखलपात्र गुन्ह्यात ग्राह्य नाही. घटना कोठेही घडलेली असो, माहिती नोंदवून घेऊन ती संबंधित ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. निपाणी किंवा बेळगावकडे मुली दिलेल्या आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा वारंवार उपस्थित होतो.

प्रत्येक बाईला पोलीस केस करायची असतेच असे नाही. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नाही, पण मार थांबला पाहिजे, घरातून कोणी हाकलता कामा नये आणि मुलांच्या खर्चाला पैसे मिळाले पाहिजेत, एवढेच अनेकींचे म्हणणे असते. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 आहे, आणि या कायद्यातील महत्त्वाची व्यक्ती म्हणजे संरक्षण अधिकारी. माझ्या मते या पदाइतके उपयोगी आणि इतके कमी माहीत असलेले पद दुसरे नाही. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, हे विचारावे. गावात अंगणवाडी सेविकेकडूनही चौकशी करता येते. हे अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि बाईला अर्ज करण्यास साहाय्य करतात. अहवालात शारीरिक मारहाणीबरोबरच शिवीगाळ, पगार काढून घेणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे यांचीही नोंद होते, त्यामुळे या गोष्टी ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून गाळू नयेत. अर्ज माहेरच्या गावाहून करता येतो, कारण बाई तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयालाही अधिकार आहे. सासर पुण्याचे आणि माहेर गडहिंग्लजचे असले तरी तारखांसाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागू शकतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात लिहून घ्यावी. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांत राज्याच्या मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्यही याच प्राधिकरणामार्फत मिळते. येथे पत्त्याचा एक स्थानिक गोंधळ सांगितला पाहिजे. सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, बसते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे. रिक्षावाल्याला नुसते ‘कोर्ट’ सांगितले तर बावड्याऐवजी भाऊसिंगजी रोडवर उतरण्याची पाळी येते.

पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर सारे नियम बदलतात. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे ‘मुलीचे नाव खराब होईल’ म्हणून भावकीत बसून निर्णय घेण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील पोलिसांनी घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा क्रमांक यासाठीच आहे. वृद्ध आईवडिलांचा छळ होत असेल तर १४५६७ वर फोन करावा किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चरितार्थासाठी अर्ज करावा.

समुपदेशनाविषयी मात्र सावध असावे. समुपदेशन आणि मिटवामिटवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बाईला एकटीला बोलायला मिळते; दुसरीत पाचदहा पुरुषांसमोर तिला ‘पोरांकडे बघ आणि नांदायला जा’ असे सांगितले जाते. ज्या बैठकीत मारणारा समोर बसलेला आहे, तेथे खरे बोलणे होत नाही, आणि तशा बैठकीला नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्येच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, तेथे अजूनही भावकीच्या बैठकीला कायद्याच्या वरचे स्थान मिळते, याचे मला नेहमी वाईट वाटते. मनावरचा ताण असह्य झाला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर मोफत बोलता येते, आणि हा क्रमांक सोबत्यासाठीही आहे.

घर सोडायची शक्यता दिसू लागली की कागद आधी बाहेर काढावेत : आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, लग्नाची पत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या, दवाखान्याचे जुने केसपेपर. एका बाईने हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ज्वारीच्या कणगीत ठेवले होते आणि थोडे थोडे करून शेजारणीकडे पोहोचवले. सर्वांच्या दोन झेरॉक्स काढून एक संच सोबत्याने स्वतःकडे ठेवावा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्यावी. न्यायालयातून निघताना पुढची तारीख वहीत लिहावी, आणि तिच्यापुढे त्या दिवशी सोबत कोण जाणार, त्याचेही नाव लिहावे.