सदोष फ्रिज आणि ग्राहक आयोग: जॉबशीटवर सही करण्याआधी वाचा

बिल, वॉरंटी कार्ड, पैसे भरल्याचा पुरावा तुमच्याकडे आहेच असं धरतो. ‘एकदा विकलेला माल परत घेणार नाही’ या पाटीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

कंपनीला ईमेल करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन समेट घडवू पाहते, आदेश देत नाही. तिच्या भरवशावर महिने घालवू नका.

केस जिंकते किंवा बुडते ती दोष सिद्ध करताना. मी हाताळलेल्या पहिल्याच प्रकरणात फ्रिजमध्ये दर थोड्या दिवसांनी गॅस भरावा लागे आणि जॉबशीटवर, म्हणजे मेकॅनिक काम झाल्यावर भरतो त्या कागदावर, मात्र दर वेळी ‘तपासले, ठीक’. ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगासमोर कंपनीच्या वकिलांनी तेच कागद पुढे केले. म्हणून मेकॅनिक दारातून बाहेर पडण्याआधी काय बिघडलं, कोणता भाग बदलला, हे त्याच्याकडून लिहून घ्या. कूलिंग होत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘कूलिंग अजून नाही’ असं लिहा आणि कागदाचा फोटो काढा. दुरुस्ती झाल्याशिवाय मेकॅनिक मागतो तो ओटीपी अजिबात देऊ नका; तो दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार मिटलेली दिसते.

‘ओळखीच्या मेकॅनिकला उघडून बघू दे’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. मग दोष कारखान्यातला की त्या मेकॅनिकच्या हातचा, याच वादात केस अडकते. त्यापेक्षा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली प्रयोगशाळेत तपासणी करण्याची लेखी मागणी आयोगाकडे करा. तिचं शुल्क तुम्हाला आधी भरावं लागतं, तरी भराच.

बाकी सोपं आहे. दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल करा. वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत, शिवाय भरपाई आणि खर्च, हे सगळं मागणीत लिहा.

नोटीस मिळाल्यापासून कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ही मर्यादा पक्की केली, तेव्हा उशिरा आलेल्या उत्तरावर लगेच हरकत घ्या. निकालानंतरही कंपनी ढिम्म बसली तर कलम 72 खाली अर्ज करा: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25 हजार ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.