संदर्भाच्या फाईलला नाव देताना जुना जिल्हाही लिहा

कोकणच्या इतिहासावर स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत असाल तर हे करून बघा. पीडीएफ, फोटो, मुलाखतींची रेकॉर्डिंग मसुद्याच्या फोल्डरमध्ये जातच नाहीत, तिथे फक्त मजकूर. मग सगळं 'रिसर्च'मध्ये साठतं आणि त्या फोल्डरचा माळा होतो.

फाईल आत घेतली की लगेच नाव बदला. 'स्कॅन ४७' काय कामाचं? 'मालवण, बंदर, १८८०, गॅझेटियर, सिंधुदुर्ग (जुना रत्नागिरी)' असं लिहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा निघाला. त्याआधीच्या सरकारी कागदांत मालवण, देवगड, वेंगुर्ला रत्नागिरीखाली सापडतात. सावंतवाडीची गंमत आणखी वेगळी, ते संस्थान होतं. दोन्ही नावं घातली की कुठलंही टाकून शोधा, कागद हाती लागतो.

मोडी कागदांचं स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, आतला शब्द शोधता येत नाही. त्यासाठी उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये 'नोट्स'मध्ये दोन ओळींचा गोषवारा देवनागरीत लिहा: कोणी, कोणाला, कशाबद्दल. प्रोजेक्टमधला शोध नोट्सही चाळतो. कंटाळवाणं काम आहे, पण खरा फायदा इथेच.

लिहिताना एडिटर दुभंगून वर स्कॅन, खाली मजकूर ठेवा.

स्कॅन फारच जड असतील तर आत न घेता एलियस म्हणून, म्हणजे मूळ फाईलकडे नेणारा नुसता दुवा म्हणून जोडा, म्हणजे बॅकअप रेंगाळत नाही. मात्र मूळ फाईल एलियसमध्ये नसतेच, तिची प्रत वेगळी काढून ठेवा.