नोट्स 'बोलत्या' केल्या, त्याची गोष्ट

सोलापुरात सात रस्त्याजवळ मी बारावी कॉमर्सचा क्लास घेतो, हल्ली निम्मा ऑनलाइन. यंदा अक्कलकोटचा एक दृष्टिहीन मुलगा आला. आठवड्यातच त्याचा फोन: "सर, तुमच्या नोट्स वाचायला लावल्या की कॉम्प्युटर एबीसीडी बरळतोय ओ."

ऐकलं तर खरंच! एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, 'खतावणी'ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि कंस वाचत होता. दोष माझ्या फाँटचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरंच.

कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला, म्हणजे मराठी अक्षरं आतही मराठीच म्हणून साठतात त्या पद्धतीत. रफार आणि पहिली वेलांटी जागोजागी घसरली होती. 'खर्च' शब्दानेच दोन संध्याकाळी खाल्ल्या.

मग शीर्षकं. मी ती नुसती ठळक करायचो. वर्डमधली हेडिंग स्टाइल दिल्यावर तो 'एच' दाबून धड्यातून उड्या मारत जाऊ लागला. खतावणीच्या तक्त्यातले जोडलेले रकाने सुटे केले, नाहीतर नावे कुठलं नि जमा कुठलं, काही पत्ता लागेना.

तरी पीडीएफ बिघडलेलीच. मी 'प्रिंट'मधून करत होतो, त्यात शीर्षकांच्या खुणा गळतात. 'सेव्ह ॲज'मधून केली, जमलं.

व्हिडिओत "हे इथून वजा करा" म्हणायची खोड मात्र अजून जात नाही. परवा त्याने हटकलंच, "सर, 'हे' म्हंजे किती रुपये?"