गावाच्या नंबरांची यादी ताजी कशी ठेवायची

आमच्या गावच्या व्हाट्सअप ग्रुपवर वहीच्या पानाचा एक फोटो चार वर्षांपासून फिरून रायला, दर पावसाळ्यात कोणीतरी तोच पुन्हा टाकते. मागच्या जुलैत रात्री डीपीवर, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर, जाळ झाला, त्यातला लाईनमनचा नंबर लावला तर पुण्याच्या एका पोरीनं झोपेतून उठून उचलला. लाईनमनची बदली झालेली, जुनं सिम बंद, अन् बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याले देऊ शकते ना बाप्पा.

तर पयले फोटो बंद करा. फोटोत दुरुस्ती होत नाही. गूगल शीट उघडा, रकाने चारच ठेवा: काम, नाव, नंबर, अन् 'कधी तपासला'. हा चौथा रकानाच खरा कामाचा, तारीख नसली तर नंबर जिवंत हाय का मेला ते कोणाले समजते? नंबरच्या रकान्याले आधी फॉरमॅटमध्ये जाऊन प्लेन टेक्स्ट करा, नाहीतर एसटीडीचा सुरुवातीचा शून्य शीट खाऊन टाकते.

पयला रकाना कामाचा काहून, तर माणूस बदलते, काम तेच रायते. तलाठ्याले २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण शोधणारा 'तलाठी'च टाईप करते, म्हणून दोन्ही लिवा. सगळ्यात वर न बदलणारे टाका: तातडीच्या मदतीचा ११२, अँब्युलन्सचा १०८, लाईटचा १९१२, जनावरांचा १९६२, अन् ऑनलाईन पैसे गेले तर १९३०.

बदल करायचा हक्क दोघांलेच द्या, बाकी सगळे फक्त पाहणारे. आमी सगळ्यांले दिला होता, एका पोरानं जेसीबीवाल्याच्या जागी सोताचा नंबर टाकला, वरून हासून रायला. असं झालं तर कॉम्प्युटरवर व्हर्जन हिस्ट्रीत जाऊन जुनी यादी परत आणता येते. लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका, पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकते अन् मंग लोक पुन्हा विचारतात.

घरगुती नंबर, खास करून बायांचे, विचारल्याशिवाय टाकू नका. लिंक गावाबाहेर जातेच अन् मंग लोनवाल्यांचे फोन चालू.

तपासणी वर्षातून दोनदा, पेरणीच्या आधी अन् कापूस वेचणी लागायच्या आधी. मेसेज टाकून 'बरोबर हाय का' विचारलं तर कोणी उत्तर देत नाही, थेट फोनच लावा, वीसेक नंबर असले तर एका संध्याकाळी होते. लागला की तारीख बदला, नाही लागला तर खोडू नका, 'बंद' लिवा, नाहीतर कोणीतरी तोच जुना नंबर पुन्हा आणून देते.

सर्पमित्राचे मात्र दोन नंबर घ्या, आमच्यावाल्याच्या वावरात एका कंपनीची रेंजच नाही. अन् साप चावला असल तर त्याले नाही, आधी १०८ ले लावा, तो साप पकडते, औषध देत नाही.