खड्डे आखण्यापूर्वी फांद्यांचा विचार करा

पावसाच्या तोंडावर इमारती झाडांची लागवड करणारे बहुतेक जण विचारतात, हेक्टरी किती झाडं बसतील? 2 बाय 2 मीटरवर 2500, 3 बाय 3 वर 1111, 4 बाय 4 वर 625. पण लाकूड विकायचं असेल, तर या अंतरावर फांद्या किती जाड होतील हे आधी बघा. फळीवर दिसणारी गाठ म्हणजे खोडात गाडलं गेलेलं फांदीचं बूड.

विरळ लागवडीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत राहतं. त्या जगतात, जाड होतात. बुंधा लवकर भरतो, पण खोड वरच्या बाजूला जास्त निमुळतं होतं आणि सलग फळ्या कमी निघतात. दाट लागवडीत त्याच फांद्या सावलीत येऊन बारीक असतानाच वाळतात, खोड सरळ सुटतं. उंचीत मात्र फारसा फरक पडत नाही.

म्हणून दाट लावलं की काम झालं, असं समजू नका. वाळलेली फांदी गळून न पडता झाडावरच राहिली, तर खोड तिला नुसतं वेढत जातं, तिच्याशी एकजीव होत नाही. फळी वाळली की अशी गाठ निसटते आणि तिथे भोक पडतं. जिवंत फांदीची गाठ निदान घट्ट बसलेली असते.

सागासारख्या झाडाला मी सुरुवातीला 2 ते 2.5 मीटर अंतरच सुचवेन, पण विरळणीची, म्हणजे मधली काही झाडं काढून टाकायची तयारी असेल तरच. शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आणि खालच्या वाळू लागल्या, की विरळणीची वेळ झाली. चौरस लागवडीत एकाआड एक तिरकी ओळ काढली तर निम्मी झाडं राहतात. 2 मीटरचं अंतर सुमारे 2.8 होतं. पुढच्या विरळणीत वाकडी, दुबेळकी (खोडाला दोन फाटे फुटलेली), दबलेली झाडं आधी काढा. विरळणी लांबवली तर झाडं काटकुळी होऊन वाऱ्याला वाकतात. आणि उशिरा एकदम मोकळीक दिली तर सागाच्या खोडावर नवे धुमारे फुटतात, म्हणजे पुन्हा गाठी.

आंतरपिकासाठी ओळी एकमेकींपासून लांब ठेवणार असाल, तर छाटणीला पर्याय नाही. फांदी अंगठ्याएवढी असतानाच, कोरड्या दिवसांत, धारदार करवतीने कापा. कोयता मारू नका, साल फाटते. जड फांदीला आधी खालून खाच द्या. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं, ते न दुखावता अगदी त्याला लागून बाहेरून काप घ्या; खुंटही ठेवू नका. एका वेळी हिरव्या फांद्यांचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नका. खोड 10 सेंटिमीटर जाड असताना छाटलं, तर गाठाळ गाभा त्याहून थोडाच मोठा राहतो आणि जखम भरल्यावर त्याबाहेर बिनगाठीचं लाकूड चढतं. 25 सेंटिमीटर जाड झाल्यावर छाटलं, तर झाडाचा मोठा भाग गाठाळच उरतो.

सगळी झाडं छाटायची गरज नाही. शेवटपर्यंत ठेवायची तेवढीच निवडून त्यांच्यावर रंगाची खूण करा. कडेच्या ओळीला बाहेरून ऊन मिळत असल्याने तिथल्या फांद्या आतल्यांपेक्षा जाड होतात, म्हणून छाटणीला सुरुवात त्या ओळीपासून करा.